आधी कुणाची धार

११ फेब्रुवारी

वन्सं,

'वन्सं' म्हटलं की तुला राग येतो, म्हणूनच म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस आणि सासूबाईंनी मला बजावलं होतं की नणंदेला वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं. अहो-जाहो दुसऱ्या दिवशीच सुटलं. वन्सं तेवढं राहिलं.

तुला तपासायला लागणाऱ्या दुधाच्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून ह्यांच्या दूधकेंद्राच्या गाडीबरोबर पाठवते आहे. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलंय, मागचं भिजून लगदा झाला होता. फोनवर माझं बोलणं होत नाही. हे समोर बसून प्रत्येक वाक्याला 'काय म्हणाली?' विचारतात, मग तुझंही ऐकू येत नाही आणि माझंही सुचत नाही.

मुद्द्याचं असं, की म्हशी विकायच्या म्हणते. मी म्हणते, हे नाहीत. कंटाळले असं नाही, कंटाळा घालवायला माणूस कुठं तरी जाऊन येतो. मी दमले आहे. उठले की म्हशी, बसले की म्हशी. कुणाकडे जेवायला गेलं तरी अर्ध्यात उठायचं, धारेची वेळ झाली म्हणून. हल्ली सकाळी बोटं आखडलेली असतात, गरम पाण्यात धरली की सुटतात. पलीकडच्या रस्त्यावरचा गोठेवाला सगळ्या एकदम घ्यायला तयार आहे. एकेक करून विकणं माझ्याच्याने व्हायचं नाही, रोज एकीचा निरोप कोण घेणार?

ह्यांना विचारलं तर 'तू म्हणशील तसं' म्हणाले आणि अंग काढून घेतलं. तुझ्या नळ्यांचं काय होईल, एवढंच मनात येतं. तू सांग.

वहिनी

१७ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार आणि विनंती, दोन्हीला हात जोडायचे असतात, तर एकदाच जोडते.

आत्ता विकू नकोस.

तुला मी नळ्या भरायला लावते, पण कशासाठी ते कधी धड सांगितलं नाही. आपल्याला सगळ्या म्हशी काळ्या आणि सारख्या दिसतात, पण रक्तात प्रत्येकीचं काही ना काही वेगळं असतं. कुणाला रोग चटकन धरेल आणि कुणाच्या वाटेला जाणार नाही, हे त्या वेगळेपणात कुठं तरी असतं. मी दगडीच्या मागे आहे. तुला दगडी काय ते मी सांगायला नको. कास सुजून कडक होते, दुधात गुठळ्या येतात, औषधाने उतरते आणि पुन्हा येते. दगडीला दाद न देणारी म्हैस कोणती, हे तिच्या रक्तावरून आधीच कळलं, तर तिचीच वीण वाढवता येईल. किती गोठ्यांची औषधं वाचतील, किती म्हशी कास खराब झाली म्हणून हाकलल्या जायच्या थांबतील.

आणि ती म्हैस आपल्या गोठ्यात आहे! बाईसाहेब आणि तिची लेक. दोघींना इतक्या वर्षांत एकदाही दगडी झालेली नाही. मी सगळ्यांचं रक्त तपासलं. ह्या दोघींच्याच रक्तात एका ठिकाणी एक फरक आहे, बाकी कुणातही नाही. आता दोघी व्यायला टेकल्या आहेत. हे एक वेत, त्या आटेपर्यंत त्यांच्या दुधाच्या नळ्या मला मिळाल्या, की माझं म्हणणं मला छातीठोकपणे मांडता येईल. कास आतून रोगाशी झगडत असली की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात, त्या मी मोजते. ह्या दोघींच्या वाढत नाहीत एवढं दाखवायचं आहे.

तोवर गोठा जसा आहे तसाच हवा. तीच जागा, तीच वैरण, तेच हात. प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांना मी सांगून बसले आहे की हा माझ्या घरचा गोठा आहे, इथं काही हलणार नाही.

एक वेत फक्त. त्यानंतर तू म्हणशील तसं. हातांना तेल लावत जा.

तुझी

वन्सं (एकदाच म्हणते आहे)

१ मार्च

वन्सं,

'एक वेत' असं तू मागच्या खेपेलाही म्हणाली होतीस. तेव्हा 'फक्त' नव्हतं बहुतेक.

बरं.

तुला नाही म्हणणं मला जमत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. गोठेवाल्याला सांगितलं की एवढं वेत जाऊ दे. तो म्हणाला, आता नाही म्हणताय, पुढं मी नाही म्हणेन. म्हण बाबा.

तू गोठ्यात पाऊल ठेवलंस त्याला किती दिवस झाले, म्हणून तुझ्या लाडक्यांची खबर देते. पुढच्या दारापाशी बाईसाहेब, नेहमीसारख्या तोंड वर करून. तिच्याशेजारी लेक, आईवेगळी बांधली की हंबरून डोकं उठवते. मग घागर. तिची कास बघून येणारा-जाणारा थांबतो, भरपूर दूध, कधी कुरबूर नाही. मग मधली. तिला मी धड नावसुद्धा ठेवलेलं नाही, दूध जेमतेम, लाथा भरपूर. गोठेवाला म्हणतो ही फुकट दिली तरी नको. मग त्या दोघी, एकमेकींसारख्या दिसतात त्या. आणि भिंतीपाशी कुरकुरी, जिला बारा महिने काही ना काही झालेलं असतं. गेल्या आठवड्यात पुन्हा दगडी. औषधवाल्याचा आणि आमचा आता घरोबा झालाय.

तेच हात म्हणालीस. हे हात आहेत तसेच आहेत. पहाटे गरम पाण्याची बादली आणि फडकं घेऊन पुढच्या दारातून शिरते, बाईसाहेबांची कास धुऊन आरंभ करते, सध्या आटली असली तरी, आणि कुरकुरीपाशी पोचेपर्यंत पाणीही गार होतं आणि मीही. मग चहा.

तू काय खातेस? मागच्या वेळी आली होतीस तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती.

वहिनी

१० एप्रिल

वन्सं,

बाईसाहेबांना पारडी झाली. लेकीलाही पारडीच. दोघी सुखरूप. कुरकुरीच्या दगडीला औषधवाल्याने ह्या वेळी जालीम इंजेक्शनं दिली, तीही बरी आहे.

अक्षर वाकडं आलंय, पेटीच्या झाकणावर ठेवून लिहिते आहे. ह्यांना हल्ली गोठ्याचा पुळका आलाय. इतकी वर्षं दूधकेंद्राची गाडी बरी नि आपण बरे असं होतं, आता म्हशींशी गप्पा मारतात.

आज इतकंच.

वहिनी

१८ एप्रिल

वहिनी,

दोन्ही पारड्यांना माझ्याकडून मुका, नाकावर नको, कपाळावर.

पहिल्या नळ्यांचे आकडे चांगले आले. बाईसाहेब स्वच्छ, लेक स्वच्छ. सरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढून पुसला. ते खूश झाले की बोलत नाहीत, चष्मा पुसतात. इथल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मला किती वर्षांनी बरं वाटलं म्हणून सांगू! दिवसभर नळ्या थंड ठेवणाऱ्या कपाटाशेजारी बसायचं, त्याची घुरघुर ऐकायची आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवायचं, असं चाललंय. हे सगळं उगीच नव्हतं, असं त्या दिवशी वाटलं.

दादाला गोठ्याचा पुळका आला हे वाचून हसले. लहानपणी त्याला धारेला बसवलं की तो म्हशीआधी स्वतः हंबरायचा.

तुझी पत्रं आखूड का होत चालली आहेत? मला सगळं लिहीत जा. परीक्षेच्या वर्षी तू माझ्या हातातली धारेची चरवी काढून घेतलीस आणि म्हणालीस, 'तू पुस्तक धर, हे मी धरते.' ती चरवी मी पुन्हा धरली नाही. म्हणून निदान पत्रातून तरी गोठा बघू दे.

तुझीच

२४ जून

वहिनी,

हे पत्र रागात लिहिते आहे, फाडून पुन्हा लिहायला वेळ नाही.

गेल्या दोन खेपांच्या नळ्यांत बाईसाहेबांच्या दुधात पेशी भरमसाट आहेत. लेकीच्याही. दगडीचे जंतूही सापडले. कुरकुरी मात्र स्वच्छ! हे कसं होईल? माझ्या आठवणीत जी म्हैस धड एक महिना बरी नव्हती ती ठणठणीत, आणि जिच्यावर मी सगळं उभं केलं ती आजारी. एकच अर्थ निघतो, नळ्यांची अदलाबदल झाली आहे. कानातल्या बिल्ल्याचे आकडे बघून नळीवर लिहितेस ना? की आधी नळ्या भरायच्या आणि मग आठवून आठवून लिहायचं?

नाही तर वैरण बदलली असेल. पेंड जुनी असेल. गोठा ओला ठेवला असेल. दादा तिथं काय करत असतो? मी एकच मागितलं होतं, की काही हलवू नका. सरांनी मला खोलीत बोलावून विचारलं, हा गोठा खात्रीचा आहे ना? मी हो म्हणाले. आता मला मान वर करता येत नाही.

पुढच्या खेपेला प्रत्येक नळी स्वतःच्या हाताने भर आणि स्वतःच्या हाताने लिही. एवढं तरी कर.

३० जून

वन्सं,

नळ्या बदललेल्या नाहीत. वैरण तीच आहे, पेंड ताजी आहे, गोठा कोरडा आहे.

बाईसाहेबांची कास मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. उजवीकडची मागची बाजू सुजली आहे. औषध चालू आहे. लेकीचंही तेच.

तुझं नुकसान झालं त्याचं मला वाईट वाटतं. आणखी काय लिहू?

वहिनी

९ सप्टेंबर

वहिनी,

तेव्हापासून पेट्या येताहेत, तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. आधी राग होता, मग लाज.

ह्या पेट्यांतल्या नळ्या मात्र चोख. वर लिहिलेले बिल्ल्यांचे आकडे सुरेख, आणि झाकणं इतकी आवळलेली की उघडायला पक्कड घ्यावी लागते. मार्चमधली तुझी झाकणं सैल असायची, एकदा अर्धं दूध बर्फात सांडलं होतं. मी तेव्हा वैतागले होते. वैतागण्याऐवजी विचार करायला हवा होता.

परवा सगळे आकडे घेऊन बसले. खरं सांगायचं तर तुझी चूक शोधायला बसले होते. आजवर मी म्हशी रक्ताप्रमाणे मांडत आले होते, हा फरक असलेल्या एकीकडे, नसलेल्या दुसरीकडे. ते मोडलं आणि तुझं मार्चचं पत्र समोर ठेवून गोठ्यात उभ्या असतात तशा मांडल्या. पुढचं दार, बाईसाहेब, लेक, घागर, मधली, त्या दोघी, कुरकुरी, भिंत.

मग दिसलं. घागर सुजत नाही, तक्रार करत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. पण तिच्या दुधात रोग कायमचा मुक्कामाला आहे. एप्रिलपर्यंत आजारी पडायच्या त्या तिच्या पलीकडच्या, भिंतीकडच्या. एप्रिलनंतर आजारी पडल्या त्या अलीकडच्या, दाराकडच्या. दगडी गोठ्यातून एका दिशेने जात होती, ती उलटी फिरली. रोगाला पाय नसतात वहिनी. त्याला बादली लागते, फडकं लागतं, हात लागतात.

बाईसाहेब आणि लेक आजारी पडत नव्हत्या, कारण त्यांची धार आधी निघत होती. पाणी ताजं, फडकं कोरं. घागरीला हात लागायचा त्यानंतर. मायलेकी म्हणून दोघींचं रक्त सारखं, आणि लेक आईशेजारीच बांधायची म्हणून दोघींचे धारेचे नंबरही वरचे. मी सगळं श्रेय रक्ताला देऊन मोकळी झाले. दुसऱ्या कुठल्याही गोठ्यात गेले असते तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की आधी कुणाची धार काढता? इतरांना मी हेच शिकवते. आपल्या घरी विचारलं नाही. आपलाच गोठा, त्यात काय विचारायचं, असं वाटलं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मला पुढचे आकडे दिसेनासे झाले.

एप्रिलपासून धार भिंतीकडून निघते आहे. तू पुढच्या दारातून येतेस. भिंतीकडच्या मागच्या दारातून गोठ्यात शिरणारा एकच माणूस आहे, कारण तो गाडी मागे लावतो. दादा धार काढतोय. म्हणजे तू काढत नाहीस. पाय मोडला असता तरी तू स्टुलावर बसून धार काढली असतीस, हे मला माहीत आहे. म्हणजे तुला काढता येत नाही. जूनमध्ये तू लिहिलंस, कास 'डोळ्यांनी' पाहिली. तू कधी कास डोळ्यांनी पाहिलीस? तू हात लावतेस आणि सांगतेस.

वहिनी, तुझ्या हातांना काय झालंय?

तू मला हे कळवलं नाहीस, कारण मी 'तेच हात' म्हणाले होते. आणि त्यानंतर मी तुला लिहिलं, की स्वतःच्या हाताने भर, स्वतःच्या हाताने लिही. ते वाक्य मला आता रोज आठवतं.

बादलीचं वाचून तू मनाला लावून घेशील हेही मला कळतं. पण बादली आणि फडकं तुला ह्याच घरातून मिळालं. आईही तसंच करायची, आणि मी शिकून आले तरी माझ्या तोंडून कधी निघालं नाही, की प्रत्येकीनंतर पाणी बदल. मी तुझ्याकडून रक्त घेतलं, दूध घेतलं, आणि साधी माहिती द्यायची विसरले.

आता एक गोष्ट लपवत नाही. मधली. आधी तिची धार घागरीनंतर निघायची, आता भिंतीकडच्या त्या दोघींनंतर निघते, आणि त्या अजून आजारीच आहेत. दोन्ही बाजूंनी रोग तिच्या दारावरून गेला आणि ती एकदाही आजारी पडली नाही. तिच्याकडे कुणीच लक्ष दिलं नव्हतं म्हणून तिचे आकडे मी पुन्हा पुन्हा तपासले. तिच्या रक्तात काही तरी आहे. काय आहे ते शोधायला आणखी एक वेत लागेल.

ते मी मागत नाही. म्हशी विक. गोठेवाला अजून घेत असेल तर आजच विक. सरांना मी सगळं सांगितलं आहे. त्यांनी चष्मा पुसला नाही, पण ओरडलेही नाहीत. इथं हातांचे एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेऊन ठेवली आहे. ये. माझ्या खोलीत एकच खाट आहे, ती तुझी.

तुझी

वन्सं

२३ सप्टेंबर

वन्सं,

अक्षर तुझ्या दादाचं आहे, बोल माझे. मध्येच काही शहाणपणाचं आलं तर ते माझं समज, चुका ह्यांच्या.

(चुका होणार नाहीत. दादा.)

तू ओळखलंस. म्हशींच्या आजारावरून माझा आजार ओळखलास, ह्याला काय म्हणायचं ते मला कळेना. वाचून झाल्यावर हसले आणि मग बराच वेळ रडले. हे घाबरून शेजारच्या काकूंना बोलवायला निघाले होते.

हात असे आहेत, की मुंग्या येतात आणि मूठ वळत नाही. मार्चअखेर एकदा धारेच्या मध्येच बोटं सुटली ती सुटलीच. चरवी खाली. सगळं दूध शेणात. मी तिथंच बसून राहिले. हे मागच्या दारातून आले, चरवी उचलली आणि कुरकुरीपाशी जाऊन बसले. तेव्हापासून हेच काढतात. पहिले काही दिवस म्हशींपेक्षा ह्यांचंच कण्हणं जास्त ऐकू यायचं.

(हे लिहिणार नाही म्हणालो होतो. लिही म्हणाली.)

तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुला कधी नव्हे ती आशा लागली होती. वाटलं, म्हशीला काय कळतंय कुणाचे हात आहेत, दूध ते दूध. नळ्या वेळेवर गेल्या की झालं. पुढचं दार नि मागचं दार एवढ्याने तुझं सगळं उलटंपालटं होईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

बादलीचं मनाला लावून घेऊ नकोस म्हणालीस. लावून घेतलं. दिवसभर त्या बादलीकडे बघत बसले होते. कुरकुरीला मी किती बोलले असेन गं, जन्मजात रोगट म्हणून! आणि रोग मीच तिच्यापर्यंत नेऊन पोचवत होते, रोज, गरम पाणी करून, माया करून. ह्याचं फार वाईट वाटलं. तुझ्यावरही राग आला. तुला ठाऊक होतं आणि तू सांगितलं नाहीस, ह्याचा. तो राग दोन दिवस टिकला. मला राग फार दिवस सांभाळता येत नाही, म्हशीच एवढ्या सांभाळायच्या असतात.

आता म्हशींचं. परवा विकल्या. गोठेवाला नाही म्हणेन म्हणाला होता, पण आला. बाईसाहेब आणि लेक पारड्यांसह मान वर करून गेल्या. घागरीचं त्याला खरं सांगितलं, तिची धार सगळ्यांच्या शेवटी काढ म्हणाले, हात धू, पाणी बदल, फडकं वेगळं ठेव. त्याला वाटलं मीच आपल्या म्हशीचा भाव पाडतेय. कुरकुरीला हात लावायला गेले, तर तिने माझी बोटं चाटली. बोटांना कळलं नाही, डोळ्यांनी पाहिलं.

एकदम सगळ्यांचा निरोप घ्यायचा, म्हणून सगळा गोठा विकायचा होता. पण मधलीला त्याने खरंच घेतलं नाही. फुकट दिली तरी नको, हे तो थट्टेत म्हणत नव्हता. ती एकटी उभी आहे. इतकी वर्षं ती मध्ये होती म्हणून मधली, आता तिच्या दोन्ही बाजूंना कुणीच नाही. तिच्याजवळ जाऊन नीट बघितलं. देखणी आहे गं. मी कधी थांबलेच नव्हते तिच्यापाशी.

तू वेत मागितलं नाहीस. मागितलं असतंस तर मी पुन्हा 'बरं' म्हणाले असते, हे तुला माहीत होतं आणि तरी मागितलं नाहीस. हे मला पोचलं. इतक्या वर्षांत कुणी तरी माझा थकवा माझ्याआधी मोजला.

म्हणून मी सांगते ते ऐक. मधलीला ह्यांच्या गाडीतून तुझ्याकडे पाठवते आहे. तुमच्याकडे मागं मोठी शेड आहे, असं तूच लिहिलं होतंस. सरांना सांग, आमच्या घरची आहे. मीही तिच्यामागून येते, डॉक्टरांना हात दाखवायला. तुझ्या खाटेवर तूच झोप, मला जमिनीवर बरं वाटतं.

ती यंत्राला पान्हा सोडणार नाही. लाथ मारेल, डाव्या पायाने, आधी कान हलवते तेव्हाच बाजूला हो. तिची धार तू काढायचीस. पहिले काही दिवस तुझीही बोटं दुखतील, तेल लावत जा. मी शेजारी बसून सांगेन, कुठं दाबायचं आणि कुठं सोडायचं. हात लावणार नाही. हात माझे आता मोकळे आहेत. दुखतात, पण मोकळे आहेत.

परीक्षेच्या वर्षी तुझ्या हातातून घेतलेली चरवी परत पाठवते आहे. गाडीत मागं, पोत्यात गुंडाळून ठेवली आहे. घासलेली आहे. ह्यांनी घासली.

वहिनी

(दोनदा घासली. दादा.)